बोडका बांध आणि दारातला वाफा

मागच्या जिल्हा बैठकीत ठराव संपले, चहा झाला, आणि माणसे उठता उठता एका मायबहिणीने विचारले, "यंदा हरतालिकेला आम्ही आघाडासुद्धा तालुक्याच्या बाजारातून जुडी विकत आणून वाहिला. शेतकऱ्याच्या घरात आघाडा विकत आणायची पाळी का आली, याचा ठराव कधी करणार?"

सभा हसली. आम्हीही हसलो. घरी परतताना एस.टी.च्या खिडकीतून दोन्ही बाजूंची शेते पाहत आलो, आणि हसू आटले. कपाशीला कपाशी लागलेली, मधला बांध हातभर रुंद, आणि त्या हातभर बांधावर तणनाशकाने करपवलेल्या गवताशिवाय काही नाही. तरवड नाही, निरगुडी नाही, बोराटी नाही. जी काय हिरवळ दिसत होती ती गाजरगवताची. त्या बहिणीचा प्रश्न पूजेचा नव्हताच. बांधावर फुकट मिळणारी वस्तू बाजारात कशी गेली, हा तिचा प्रश्न होता. तो आपल्या चळवळीच्या अंगणातला आहे. म्हणून हा अग्रलेख.

बांध कोणी बोडका केला?

आधी आमच्या वाट्याचा दोष पदरात घेतो. आम्ही शेतकीची पदवी घेतली तेव्हा आम्हाला शिकवले गेले की बांध स्वच्छ ठेवावा, कारण बांधावरच्या तणात किडी आसरा घेतात. पुढे कित्येक वर्षे आम्ही गावोगाव हेच सांगत फिरलो. सांगणे खोटे नव्हते, अर्धे होते. बांधावर किडी राहतात हे खरे, आणि त्या किडींना खाणारे ढालकिडे, क्रायसोपा, कोळी आणि गांधीलमाश्याही तिथेच राहतात हेही खरे. दुसरा अर्धा भाग सांगायचा आम्ही विसरलो. आम्ही सांगितले ते खुरपे घेऊन करायचे काम होते. नंतर तणनाशकाचा पंप आला आणि खुरप्याने जे दहा वर्षांत झाले नसते ते दोन हंगामांत झाले.

दुसरा हात भाऊबंदकीचा. दर नांगरटीला बांध वीतभर कोरायचा, ही आपली जुनी खोड. चार हातांचा बांध एक हातावर आला की त्यावर झुडूप उभे राहणार कुठे? आणि मुळ्याच नाहीत म्हटल्यावर मृगाच्या पहिल्या दणक्यात बांध फुटतो आणि वरची माती ओढ्याला जाते. माती गेली की पुन्हा बांधावरून भांडण.

तिसरा हात सरकारी कायद्याचा. त्याच्याकडे शेवटी येऊ.

सोमाटण्याचा वाफा

मावळातले सोमाटणे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी गाडीतून पाहिले असेल. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर तळेगावच्या अलीकडे फाटा लागतो, जवळच घोरावडेश्वराचा डोंगर. मुलूख भाताचा, इंद्रायणी तांदळाचा. कपाशी-ज्वारीच्या माणसाला तिथे काय शिकायचे, असे वाटेल. पण आमच्या एका सहकाऱ्याचे घर तिथे आहे, आणि त्याच्या दारात आम्ही देशी झाडाझुडपांचा एक वाफा केला. २० फूट लांब, ४ फूट रुंद. तो आधी फसला आणि मग जमला, म्हणून त्याची हकिकत सांगण्यासारखी आहे.

सोमाटणे निवडण्याला दुसरेही कारण होते. पलीकडे तळेगावला औद्योगिक महामंडळाचे फुलशेती उद्यान आहे. तिथल्या हरितगृहांतले गुलाब फेब्रुवारीत परदेशी जातात. शेतकऱ्याने फुले विकून चार पैसे मिळवावेत, त्याला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. पण तिथला वाफा आणि आमचा वाफा यांत काय फरक आहे हे पाहिले तर मुद्दा ध्यानात येतो. हरितगृहातल्या वाफ्याला छप्पर लागते, ठिबक लागते, मोजून खत लागते, औषध लागते. एक दिवस वीज गेली की मालकाचा जीव वरखाली होतो. त्याला दाम मिळतो म्हणून तो खर्च परवडतो. दारातल्या आणि बांधावरच्या झाडाला कोणी दाम देत नाही, म्हणून तिथे असेच झाड हवे की ज्याला लावल्यानंतर तिसऱ्या वर्षी माणसाची गरजच उरणार नाही. देशी झाडाची आमची व्याख्या एवढीच आहे.

पहिल्या वर्षी आम्ही चुकलो ते असे. एका रोपवाटिकेतून 'देशी' अशी पाटी लावलेली रोपे आणली. त्यात पांढरा चाफा निघाला, गुलमोहर निघाला. चाफा मूळचा अमेरिकेतला, गुलमोहर मादागास्करचा. बांधकामाच्या भरावाची माती आणून वाफा भरला. तिच्यासोबत गाजरगवताचे आणि नारिंगी कॉसमॉसचे बी आले. मग कृषी पदवीधराच्या सवयीने शेणखत घातले, वर मिश्रखत टाकले आणि रोज पाणी दिले. तरवड दोन महिन्यांत छातीएवढा झाला, लुसलुशीत झाला आणि श्रावणाच्या पावसात मुळाशी सडून आडवा पडला. खताचा खरा लाभ झाला तो गाजरगवताला.

दुसऱ्या वर्षी माती काढून टाकली आणि तिथलाच मुरूम व तांबडी माती घातली. खत शून्य. रोपे विकत आणली नाहीत. गावाजवळच्या माळावर मालकाला विचारून बी गोळा केले, फांद्या आणल्या, गवताचे ठोंब आणले. त्या माळाचे आता प्लॉट पडले आहेत आणि मुरूम उघडा झाला आहे. आमच्या वाफ्यातली मुरुडशेंग त्या माळाची आहे. माळावर ती उरलेली नाही. वाफा करण्याचे खरे कारण आम्हाला त्या दिवशी कळले. हा वाफा शोभेचा नाही, ती बियाण्याची कणगी आहे.

देशी म्हणजे काय?

इथे एक गैरसमज काढून टाकू. 'परदेशी ते वाईट' असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नाही. म्हटले तर आपली ज्वारी हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आली. चिंचेचे मूळही आफ्रिकेकडे सांगतात. आज सर्वदूर लावतो तो कापूस अमेरिकन जातीचा, आपला जुना गावरान कापूस वेगळा. दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोकडचा. जखमेवर चोळतो तो दगडी पालासुद्धा अमेरिकेतून आलेले तण आहे. बांधावरची गिरिपुष्पही मध्य अमेरिकेतली, आणि तिच्या पाल्याचे हिरवळीचे खत उत्तम होते. ज्याने आपले काम केले तो आपला.

पण काही पाहुणे घर बळकावतात. गाजरगवत १९५० च्या दशकात पुण्यात नजरेस आले आणि आज त्याच्याशिवाय गाव नाही. घाणेरीने माळ आणि डोंगर गिळले. जिथे हे वाढते तिथे दुसरे काही उगवत नाही, आणि जनावर त्याला तोंड लावत नाही.

दुसरी गोष्ट, देशी म्हणजे महाराष्ट्राचे असेही नव्हे. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्याला सातशेच्या आसपास, आणि सोमाटणे या दोघांच्या मध्ये. पन्नास-साठ किलोमीटरच्या आत एवढा फरक. लोणावळ्याच्या रानातले झाड सोमाटण्याच्या मुरमावर धड जगत नाही. मग सोमाटण्याची यादी उचलून तुमच्या काळ्या रानात लावली तर ती कशी जगेल? म्हणून आमची यादी घेऊ नका, रीत घ्या. आपल्या गावाच्या देवराईत, गायरानाच्या कोपऱ्यात, स्मशानाच्या कडेला, जुन्या पाणंदीत जे कोणी न लावता उभे आहे तेच तुमच्या गावाचे देशी. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात राज्यातल्या देवरायांच्या नोंदी केल्या. गावाने देवाच्या नावाने राखलेल्या त्या तुकड्यांत आजूबाजूला नाहीशी झालेली झाडे टिकून होती. गणपती-हरतालिकेची पत्री ही तशीच एक यादी. आघाडा, दूर्वा, माका, बेल, शमी, डोरली अशी पानांची यादी आपल्या आज्यांनी पाठ ठेवली.

वाफा कसा करावा

जागा. दारात किंवा विहिरीजवळ, निदान अर्धा दिवस ऊन पडेल अशी. रुंदी चार फुटांपेक्षा जास्त नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. एक पावसाळा नुसते पाहा, पाणी कुठे साचते आणि कुठून वाहते. काळ्या रानात हे फार महत्त्वाचे, कारण काळी पावसात फुगते आणि मुळांना हवा मिळत नाही. तिथे वाफा वीतभर उंच करा आणि मातीत मुरूम मिसळा. हलक्या बरड रानात उलट, वाफा जमिनीच्या पातळीला ठेवा आणि उताराच्या बाजूला दगडाची ताल घाला.

तयारी. गाजरगवत फुलावर येण्याआधी मुळासकट उपटा. फुलावर आल्यावर उपटाल तर बी तुम्हीच पेराल. उपटताना हातात काही घाला, अंगाला खाज येते. वळवाच्या पावसावर जे तण उगवेल ते एकदा खुरपून टाका, मगच लावणी करा. वाफ्यात खत नको. गरिबीत वाढणाऱ्या झाडाला पक्वान्न दिले की ते बिघडते.

झाडे. काळ्या रानासाठी तरवड, निरगुडी, बोर, आघाडा, रुई आणि कडेला मारवेल गवत. बरडासाठी तरवड, धायटी, मुरुडशेंग, करवंद, कोरांटी, शतावरी, आणि जागा असेल तर आपटा. ओलसर कोपऱ्यात, मोरीच्या पाण्याजवळ, माका. उंच झुडपे मधोमध, दोन झुडपांत तीन-चार हात अंतर, बुटकी कडेला. एकेकच रोप लावू नका, एका जातीची तीन तरी एकत्र लावा, म्हणजे मधमाशीला फेरा परवडतो. वर्षभर काही ना काही फुलावर राहील अशी निवड करा. पावसाळ्यानंतर तरवड आणि कोरांटी, हिवाळा संपता संपता धायटी. सातेरी आणि फुलोरी मधमाश्यांना हा मधला उपासाचा काळ निघाला पाहिजे, कारण पुढच्या हंगामात तीळ, तूर, करडई, सूर्यफूल यांच्या फुलावर त्याच येणार आहेत.

लावणी. तरवडाचे बी टणक असते. कढत पाणी ओतून रात्रभर भिजत ठेवावे, फुगलेले तेवढे पेरावे. करवंदाचे बी ताजेच लावावे. वैशाखात करवंद खाल्ले की बी धुऊन लगेच पिशवीत टाका, ठेवलेले बी उगवत नाही. निरगुडी आणि अडुळसा फांदीवर येतात, मृगात बोटाएवढ्या जाडीच्या फांद्या खोचा. धायटीचे बी धुळीसारखे बारीक, ते मातीवर नुसते भुरभुरावे, गाडू नये. मारवेलीचे ठोंब लावावेत.

शेळ्या. निम्मे वाफे शेळ्यांच्या तोंडी जातात. म्हणून बाहेरच्या रांगेत अडुळसा आणि निरगुडी लावा. शेळी त्यांना सहसा तोंड लावत नाही. पहिले वर्ष वरून बोराटीचे काटे टाका.

देखभाल. पहिल्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी एक पाणी. बुडाला भोक पाडून चिंधी घातलेले जुने मडके रोपाशेजारी पुरले की थोडक्यात भागते. दुसऱ्या उन्हाळ्यात महिन्यातून दोनदा. तिसऱ्या वर्षी बंद. जे मेले ते तिथले नव्हते असे समजा आणि जे जगले त्याचेच बी पुन्हा लावा. बुडाशी ज्वारीची धसकटे आणि पाचोळा पसरा. दिवाळीनंतर बी धरून झाले की छाटणी करा, पण सगळे एकदम झाडून नेऊ नका. पोकळ वाळक्या काड्यांत एकट्या राहणाऱ्या माश्या घर करतात आणि पाचोळ्याखाली कोळी राहतात. हातभर जागा उघडी मातीची राहू द्या, काही माश्यांना तीच लागते.

सावध राहावे असे काही

देशी आहे म्हणून सगळेच कपाशीजवळ लावू नये. कपाशीच्या कुळातली झाडे, म्हणजे पेटारी, रानभेंडी, अंबाडी, जास्वंद, ही पिठ्या ढेकणाला आणि कपाशीच्या दुसऱ्या किडींना पीक नसताना पोसतात. ती वाफ्यात आणि बांधावर नकोत. 'बांध स्वच्छ ठेवा' या सल्ल्यातला खरा भाग हाच. काय काढायचे आणि काय ठेवायचे हे नावानिशी कळले पाहिजे. कुसळी गवत मेंढरांच्या लोकरीत आणि कातडीत रुतते, ते दाराजवळ नको. कळलावीचे फूल देखणे, पण तिचा कंद जीवघेणा विषारी. लहान मुले असलेल्या घरात ती लावूच नका. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. दारात वाफा केला म्हणून गुलाबी बोंडअळी थांबणार नाही. तसे कोणी सांगत आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. वाफा हा फवाऱ्याला पर्याय नाही. पण २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसवर शेतकरी-शेतमजूर गेले, ते आपण विसरलेलो नाही. रानात शत्रूकिडीला खाणारे काहीच शिल्लक राहिले नाही, की सगळी मदार पंपावर जाते आणि पंप असतो आपल्याच पाठीवर. मित्रकिडींना घर देणे हा त्यातून सुटण्याच्या अनेक उपायांतला एक, आणि बिनपैशाचा.

कायदा झाड वाचवतो आणि रोप मारतो

आता तिसरा हात. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाच्या अनुसूचीत साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, खैर, चंदन, हिरडा, अंजन अशी झाडे आहेत. स्वतःच्या शेतात, स्वतःच्या बांधावर वाढवलेले असले तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने विनापरवाना तोडीचा दंड १ हजारावरून ५० हजार रुपये करण्याचा निर्णय घेतला. सुबाभूळ आणि निलगिरी त्या यादीत नाहीत. आता शेतकऱ्याच्या जागी बसून विचार करा. बांधावर मोहाचे रोप गुडघ्याएवढे उगवलेले दिसले तर तो काय करील? आज उपटले तर कोणी विचारत नाही. वीस वर्षे वाढवले तर मुलीच्या लग्नाला तोडण्यासाठी कचेरीचे उंबरे झिजवायचे. तो ते रोप उपटतो आणि तिथे सुबाभूळ लावतो. हा त्याचा अडाणीपणा नव्हे, हिशेब आहे.

राज्याने २०१६ ते २०१९ या वर्षांत कोट्यवधी रोपे लावण्याच्या मोहिमा केल्या. त्याऐवजी 'ज्याने लावले, वाढवले, त्याचे ते झाड' एवढे एक वाक्य कायद्यात घातले, सातबाऱ्यावर नोंद करून तोडीचा हक्क शेतकऱ्याला दिला, तर मोहिमेची गरज पडणार नाही. जंगलातली झाडे जरूर राखा. पण शेतकऱ्याने आपल्या रानात वाढवलेले झाड हे त्याचे पीक आहे, त्याच्या गळ्यातली धोंड नव्हे. हा ठराव या बैठकीत यावा अशी आमची सूचना आहे.

तोवर थांबायचे कारण नाही. वर सांगितलेली तरवड, निरगुडी, अडुळसा, धायटी, कोरांटी ही झुडपे त्या अनुसूचीत नाहीत. त्यांना कोणाची परवानगी लागत नाही.

या बैठकीला येताना

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरच्या घरी गावरान बियाणे जपले, तेव्हा त्यांना कोणी योजना दिली नव्हती. पद्मश्री २०२० साली मिळाली, बियाणे त्याच्या कितीतरी आधी जपलेले होते. तोच धडा झाडाझुडपांना लावायचा आहे.

शेतकरी भावांनो, मायबहिणींनो, या बैठकीला येताना आपल्या गावच्या रानातले एक बी कागदाच्या पुडीत बांधून आणा. पुडीवर गावाचे नाव, जमीन काळी की बरड, आणि त्या झाडाला तुमच्या गावात काय म्हणतात ते लिहा. नाव ठाऊक नसेल तर घरातल्या म्हातारीला विचारा, तिला ठाऊक असते. बैठकीत पुड्यांची अदलाबदल करू, मात्र काळीच्या माणसाने काळीची पुडी घ्यायची आणि बरडाच्या माणसाने बरडाची. मृगात वाफा लावायचा. तिसऱ्या वर्षी त्याच वाफ्यातून रोपे उचलून बांधावर न्यायची. त्याआधी शेजाऱ्याशी बोलून घ्या, दोघांच्या संमतीने निरगुडीची एक रांग बांधावर उभी राहिली की नांगराचा फाळ तिथे अडतो आणि बांध कोरण्याचे भांडण मिटते.

त्या बहिणीला आमचे उत्तर एवढेच. आघाड्याचा ठराव आम्ही करत नाही, कारण ठरावाने आघाडा उगवत नाही. पण येत्या हरतालिकेला तुमच्या गावात पत्रीची जुडी विकत येऊ नये, एवढे बी या बैठकीत नक्की गोळा करू.